भिंगाचा दिवा

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या एका दुकानात मी कामाच्या टेबलाला लावण्यासाठी भिंगाचा दिवा, म्हणजे मोठ्या भिंगाभोवती उजेड असलेला दिवा, पाहत होतो. काउंटरमागच्या तरुणाने तीन दिवे खाली काढले, खोक्यांवरची धूळ फडक्याने झटकली आणि यातला कोणता देऊ, असे विचारले. "जो टिकेल तो," असे मी म्हणालो. त्यावर त्याने अगदी सरळपणे विचारले, "काका, अजून किती वर्षं वापरायचाय तुम्हाला?" प्रश्नात खोच नव्हती. गिऱ्हाइकाची गरज ओळखून माल दाखवणे हे त्याचे काम होते, आणि दोन वर्षांपुरता हवा असलेला दिवा व वीस वर्षांसाठी हवा असलेला दिवा यांच्या किमतीत फरक असणार हेही उघड होते. तरीही पासोड्या विठोबाच्या देवळापर्यंत चालत येईस्तोवर तो प्रश्न काही माझी पाठ सोडीना. त्या दिवशी मी दिवा घेतला नाही. टिकायला हवे ते नेमके काय, दिवा की माझी नजर, आणि या दोहोंचा एकमेकांशी हिशेब कसा लागतो, हे आधी नीट मांडून पाहावे असे वाटले.

निवृत्तीनंतर मी चावीची जुनी मनगटी घड्याळे उघडून, धुऊन पुन्हा जुळवण्याचे काम हौसेने करतो. त्यातली बहुतेक एचएमटीची असतात: जनता, पायलट, सोना. सरकारने २०१६ च्या जानेवारीत एचएमटीची घड्याळांची कंपनी गुंडाळायचा निर्णय घेतला, त्यानंतर ओळखीपाळखीतली माणसे कपाटातून वडिलांचे बंद पडलेले घड्याळ शोधून माझ्याकडे आणू लागली. वेळ पाहण्यासाठी त्यांना ते नको असते. त्यांना ते कानाला लावायचे असते. 'जनता'च्या आत सतरा रत्नांचे, म्हणजे दांड्यांची टोके ज्यांत फिरतात अशा कठीण खड्यांचे, यंत्र असते आणि ते तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच. त्या ठोक्यांचा सारा भार ज्या दोन टोकांवर फिरतो ती बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे डुलून ठोका देणाऱ्या चाकाच्या, दांडीची टोके जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीची असतात. माणसाचा जाड केस साधारण तेवढाच असतो. तिथे उघड्या डोळ्यांची मातब्बरी चालत नाही, मग डोळे विशीतले असोत की साठीतले.

हे काम ज्यांच्याकडे बसून शिकलो, त्या घड्याळजींच्या टेबलावर भिंगाचा दिवा नव्हता. पत्र्याच्या शेडमध्ये एक साठ वॅटचा पिवळा बल्ब होता आणि डोळ्यात अडकवायचे काळे भिंग होते. ते भिंग इतकी वर्षे त्यांच्या उजव्या डोळ्याच्या खाचेत बसले होते की काढल्यावरही त्याची गोल खूण तिथे दिसायची. पावसाळ्यात भिंगावर वाफ धरायची, म्हणून त्याच्या कडेला त्यांनी तापवलेल्या सुईने दोन भोके पाडून घेतली होती. बल्बच्या उष्णतेने त्यांच्या कपाळावर घाम यायचा आणि तो घड्याळात पडू नये म्हणून गळ्यात कायम पंचा असायचा. रॉकेल, तेल आणि तापलेल्या पत्र्याचा तो संमिश्र वास मला आजही आवडतो. पण त्यांची मान त्या टेबलाने खाल्ली हेही मी पाहिले आहे. शेवटच्या वर्षांत त्यांना समोरच्या माणसाकडे पाहायचे तर सगळे खांदे उचलावे लागत.

म्हणून दिवा. डोळ्यातले भिंग मी सोडलेले नाही. दांडीचे टोक वाकले आहे का, रत्नाला तडा आहे का, हे पाहायला दहापटीच्या भिंगाला पर्याय नाही. परंतु घड्याळाच्या कामातला दहापटीचा भाग थोडा आणि बाकीचा फार मोठा असतो: स्क्रू काढणे, पूल (चाकांना वरून धरणाऱ्या पट्ट्या) उचलणे, चाके क्रमाने ठेवणे, चिमट्यातून उडालेला स्क्रू हिरव्या कापडावर शोधणे. हे सगळे दोन्ही डोळ्यांनी, पाठ सरळ ठेवून आणि हातांना मोकळी जागा देऊन करता आले पाहिजे. दोन्ही डोळे एकाच मोठ्या काचेतून पाहतात तेव्हा खोली कळते, चाकाचा दात वर आहे की खाली हे कळते. एका डोळ्याला ते अंदाजाने ठरवावे लागते.

भिंगाची ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात. एक मीटरला त्या आकड्याने भागले की भिंगाचे नाभीय अंतर मिळते, आणि वस्तू भिंगाखाली साधारण तेवढ्या अंतरावर ठेवायची असते. ३ डायॉप्टरच्या भिंगाखाली सुमारे ३३ सेंटिमीटर जागा मिळते, ५ च्या खाली २० आणि ८ च्या खाली साडेबारा. किती पट मोठे दिसते याचा रूढ हिशेब असा की डायॉप्टरला ४ ने भागून त्यात १ मिळवायचा. म्हणजे ३ डायॉप्टरला पावणेदोन पट, ५ ला सव्वादोन पट, ८ ला तीन पट. दुकानातल्या एका खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत दहा पट असे छापले होते आणि आत पाच इंची काच होती. आता, दहापट मोठे दाखवायचे तर नाभीय अंतर तीन सेंटिमीटरच्या आत यावे लागते. आणि नेहमीच्या काचेचे दोन्ही बाजूंनी फुगीर असे भिंग घेतले तर त्याच्या प्रत्येक पृष्ठाची त्रिज्याही जवळपास तेवढीच निघते. तीन सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलातून पाच इंच व्यासाची चकती कापता येत नाही, कारण तो गोलच मुळी सहा सेंटिमीटरचा. छापणाऱ्याने हे गणित केले नसणार, किंवा केले असून घेणारा ते करणार नाही असे धरले असणार. मला दुसरी शक्यता अधिक वाटते.

खरा प्रश्न मात्र खोटारड्या आकड्यांचा नाही. खरा आकडाही जितका मोठा तितका चांगला, असे आपण धरून चालतो. दुकानात ८ डायॉप्टरचा दिवा लावून त्याखाली नोट धरली, तर नोटेवरची बारीक अक्षरे पाहून हरखायला होते; गांधीजींच्या चष्म्याच्या काडीपर्यंत सगळे दिसते. पण त्या भिंगाखाली स्क्रूड्रायव्हर उभा धरून पाहावा. साडेबारा सेंटिमीटरमध्ये घड्याळाचा धारक, घड्याळ, स्क्रूड्रायव्हरची लांबी आणि त्याच्या डोक्यावर टेकवलेले बोट, एवढे सगळे बसवायचे असते. हात काचेला आपटतो, किंवा हात आपटू नये म्हणून अवजार तिरपे धरले जाते, आणि तिरप्या अवजाराने स्क्रूची खाच खराब होते. सोल्डरिंग करणाऱ्याची गत याहून वाईट, कारण फ्लक्सचा धूर सरळ काचेवर जाऊन बसतो. ३ डायॉप्टरच्या भिंगाखाली हात मोकळे फिरतात. चित्र थोडे लहान दिसते, हे खरे. पण ते कडेपर्यंत सरळ दिसते, रेषा वाकत नाहीत आणि कडांना रंगांच्या किनारी सुटत नाहीत.

भिंग डोळ्यांसाठी नव्हे, हातांसाठी निवडायचे असते, हे तिथे उभ्या उभ्या माझ्या ध्यानात आले.

यातच वजनाचीही गोष्ट येते. पाच इंची ३ डायॉप्टरची काच पाव किलोच्या आसपास भरते. तेवढ्याच व्यासाची ८ डायॉप्टरची काच मधोमध सव्वा इंचाहून जाड होते आणि तिचे वजन अर्ध्या किलोच्या वर जाते. ते वजन जवळजवळ मीटरभर लांब हाताच्या टोकाला धरून ठेवायचे असते. अ‍ॅक्रिलिकचे भिंग याच्या निम्मेच भरते, म्हणून स्वस्त दिव्यांत ते असते. पण अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे उठतात. आणि घड्याळे धुणाऱ्याच्या टेबलावर अ‍ॅसिटोनची बाटली असतेच, तिचा एक थेंब पुरतो. काचेवरून असा थेंब पुसून टाकता येतो. टेबलावरच्या दिव्याला भिंग काचेचेच हवे याबद्दल माझ्या मनात तरी दुमत नाही. प्रवासात न्यायचा असेल तर गोष्ट वेगळी.

मग हे वजन सांभाळणारा हात. स्प्रिंगांवर तोललेल्या हाताची कल्पना जॉर्ज कारवर्डीन या इंग्लिश अभियंत्याची. मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करणाऱ्या या माणसाने १९३२ साली तिचे पेटंट घेतले आणि रेडिचच्या टेरी या स्प्रिंगा बनवणाऱ्या कारखान्याने तिचे अँगलपॉइज दिवे केले. पुढे १९३७ साली नॉर्वेच्या याक याकोब्सेन यांनी त्याच तत्त्वावर लक्सो एल-१ काढला, आणि आज जगभरच्या नकाशाच्या, दवाखान्याच्या, ब्यूटी पार्लरच्या टेबलांवर जे दिवे दिसतात ते बहुतेक याच घराण्यातले. यातली खुबी अशी की हात आडवा असो की उभा, वजनाची ओढ जशी बदलते तशीच स्प्रिंगची ओढही बदलते आणि दोन्ही एकमेकींना फिटतात. त्यामुळे दिवा जिथे सोडावा तिथे राहतो. मात्र हा तोल ठरावीक वजनापुरताच जुळवलेला असतो. नुसत्या दिव्यासाठी बनवलेल्या हातावर कुणी काच चढवून विकली, तर स्प्रिंग कमी पडते आणि ती उणीव भरून काढायला सांध्याचे स्क्रू करकचून आवळावे लागतात. आवळलेला सांधा झिजतो, मग आणखी आवळावा लागतो, आणि एके दिवशी त्यातली प्लॅस्टिकची चकती फुटते. दुकानातल्या तीन दिव्यांपैकी दोन मी आडवे करून सोडून पाहिले. एक तिथेच राहिला. दुसरा सावकाश, जवळजवळ दिसणार नाही इतक्या सावकाश, खाली झुकत गेला. घड्याळ उघडलेले असताना डोक्यावरून अशी काच खाली येऊ लागली, तर माणूस डाव्या हाताने ती सावरत राहतो आणि डाव्या हातातला चिमटा बाजूला ठेवला जातो.

तरुण हे सगळे पाहत होता. त्याने आतून चाकांच्या स्टँडवरचा एक दिवा ओढत आणला. "हा घ्या, पार्लरवाले हाच नेतात," असे तो म्हणाला. दिवा वाईट नव्हता. पण टेबलापासून वेगळा उभा राहणारा दिवा आणि टेबलावर ठेवलेले घड्याळ यांचे अंतर पाय लागला की बदलते, आणि भिंगाखाली बोटभर अंतर बदलले तरी चित्र पुसट होते. दिवा टेबलालाच आवळलेला असावा, आणि क्लॅम्प ओतीव धातूचा असावा. ज्यांच्या टेबलावर ठोकाठोकी चालते किंवा लहान लेथ आहे, त्यांनी तर तो शेजारच्या भिंतीवर बसवावा. टेबलाचा हादरा लांब हाताच्या टोकाला जाऊन वाढतो आणि भिंग तो आणखी वाढवून दाखवते.

प्रकाशाबद्दल मी मनाने अजून थोडा दुभंगलेला आहे. जुन्या दिव्यांत काचेभोवती २२ वॅटची गोल ट्यूब असायची. तिचा चोक गुणगुणायचा, थंडीत ती दोनदा लुकलुकून पेटायची, आणि घरातल्या विजेबरोबर तिचा प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त व्हायचा. एरवी हे डोळ्यांना कळत नाही, पण डुलणाऱ्या बॅलन्सच्या आऱ्या त्या प्रकाशात एकाऐवजी पाचसहा दिसतात आणि चाक किती फिरते आहे याचा अंदाज चुकतो. एलईडीने हा त्रास गेला असे सांगतात. ज्या दिव्यात ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा बोर्ड, चांगला असतो त्यात तो गेला आहे. स्वस्त दिव्यात लुकलुक तशीच राहते, कधी ट्यूबपेक्षाही तीव्र. काचेखाली पेन्सिल भराभर हलवून पाहिली की समजते: एक सलग पट्टा दिसला तर ठीक, पेन्सिलीच्या सुट्या सुट्या प्रतिमा दिसल्या तर दिवा परत द्यावा. रंगाचे म्हणाल तर निळसर पांढरा प्रकाश दुकानात झगमगीत वाटतो, पण त्यात पितळ आजारी दिसते आणि रत्नाच्या खळग्यात तेल पोहोचले की नाही हे ओळखणे अवघड जाते. सुमारे ४,००० केल्व्हिनचा, रंग खरे दाखवणारा प्रकाश मला पुरतो.

सावली न पडणारा प्रकाश, ही अशा दिव्यांची सर्वांत मोठी जाहिरात असते. मला ती अर्धीच पटते. सगळीकडून सारखा उजेड आला की चकचकीत पृष्ठभागावरचा बारीक ओरखडा नाहीसा होतो, कारण ओरखडा दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. घड्याळाच्या काचेत तर दिव्याचे अख्खे कडे उमटते आणि डायल त्याखाली लपते. काही दिव्यांत कड्याचा डावा आणि उजवा भाग वेगवेगळा विझवता येतो. ही सोय दिसायला क्षुल्लक आहे, पण पैसे जास्त द्यायचेच झाले तर मी त्या एका बटणासाठी देईन.

टिकाऊपणाकडे पुन्हा वळायचे तर दिवे कुठे मरतात हे पाहावे लागते, आणि ते पाहायला दुकानापेक्षा दुरुस्तीवाल्याचे टेबल बरे. काच मरत नाही. ती पडली तर फुटेल, एरवी पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहील. मरते ती मान, म्हणजे डोके आणि हात यांमधला सांधा, कारण दिवसातून कितीतरी वेळा माणूस काचेची कड धरून तीच वळवतो. मरते ती कोपराशी सारखी घासली जाणारी वायर. मरते झाकणाची बिजागरी. हे झाकण धूळ बसू नये म्हणून असते असे पुष्कळांना वाटते. वास्तविक खिडकीतून आलेले ऊन भिंगातून एकवटून टेबलावरचे कापड पेटू नये, हा त्याचा अधिक मोठा उपयोग. पश्चिमेच्या खिडकीपाशी बसणाऱ्याने दिवा विझवताना झाकणही पाडलेच पाहिजे. आणि हल्लीच्या दिव्यांत मरतो तो ड्रायव्हर. एलईडी पन्नास हजार तास चालतील असे खोक्यावर लिहिलेले असते, आणि त्या बहुधा चालतीलही. त्यांना वीज पुरवणारा, डोक्यात कोंबलेला, उष्णतेत शिजणारा छोटा बोर्ड तितका चालत नाही. डोके चिकटवून बंद केलेले असेल, तर त्या बोर्डापायी काच, हात, स्प्रिंगा आणि ओतीव क्लॅम्प हे सगळे धडधाकट सामान भंगारात जाते. जुन्या दिव्याची ट्यूब गेली की पेठेत नवी मिळत असे आणि चोकही मिळत असे. या एका बाबतीत त्या गुणगुणणाऱ्या दिव्याबद्दल मला हळहळ वाटते.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी खिशात स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो. तरुणाने भुवया उंचावल्या, पण दिवे उघडू दिले. एकाच्या डोक्याला स्क्रूच नव्हता. दुसऱ्याचे डोके चार स्क्रूंनी उघडले आणि आत एलईडीचे कडे जोडणीने बसवलेले निघाले; ड्रायव्हर तर डोक्यात नव्हताच, तो वायरीच्या वाटेत वेगळ्या डबीत होता. तशी डबी उद्या कोणत्याही दुकानात मिळेल. त्याची मान धातूची होती, आणि वायर कोपराला मोकळा वळसा घालून गेली होती.

भिंग ३ डायॉप्टरचे होते. तरुणाला ते माझ्या वयाच्या माणसाला कमी वाटले. त्याचे म्हणणे असे की आत्ताच मोठे घ्या, नजर काही सुधारत जाणार नाही. यात तथ्य आहे असे कुणालाही वाटेल, आणि मलाही क्षणभर वाटले. साठीच्या डोळ्यात विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पडद्यापर्यंत पोहोचतो, असे म्हणतात. तेव्हा उजेड जास्त लागेल हे मान्य. पण चाळिशीत डोळ्यांची जी शक्ती जाऊ लागते ती जवळचे पाहताना डोळ्यातले भिंग फुगवण्याची. वस्तू काचेच्या नाभीवर ठेवली की तिच्यातून येणारे किरण समांतर होऊन डोळ्यात शिरतात, दूरच्या डोंगरावरून यावेत तसे, आणि डोळ्याला काही जोर लावावा लागत नाही. या दिव्याखाली मी जवळचा चष्मा काढून ठेवतो. दुहेरी काचेचा चष्मा घालून खालच्या भागातून पाहिले तर उलट पुसट दिसते. म्हणजे ज्या बाबतीत नजर दरवर्षी बिघडत जाते, नेमक्या त्याच बाबतीत हा दिवा तिच्याकडे काही मागत नाही.

हाताचे तसे नाही. शांत बसलेल्या कोणत्याही निरोगी माणसाच्या बोटांना सेकंदाला आठ ते बारा वेळा होणारा बारीक कंप असतो. एरवी तो दिसत नाही. ८ डायॉप्टरच्या काचेखाली माझ्या चिमट्याची टोके मी प्रथम पाहिली, तेव्हा ती दुसऱ्या कुणाच्या हातात आहेत असे वाटले आणि ओशाळल्यासारखे झाले. पावणेदोन पटीत तो कंप आहे एवढेच कळते, त्याचा दरारा वाटत नाही. मनगट टेबलाच्या कडेवर टेकवले की काम होते. मोठे भिंग न घेण्याचे हे कारण मी तरुणाला सांगितले नाही.

किती वर्षे, या प्रश्नाला मी शेवटी आकडा दिला नाही. सुट्या ड्रायव्हरची एक जादा डबी मात्र तेव्हाच मागून घेतली. तिची किंमत त्याला आत विचारून यावी लागली, कारण दिव्याबरोबर ती मागणारे गिऱ्हाईक त्याला आजवर भेटले नव्हते. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला आहे. शस्त्रक्रियेत बसवायचे भिंग लांबच्या नजरेचे हवे की जवळच्या, असे डॉक्टर विचारतील तेव्हा लांबच्याचे सांगायचे, एवढे मी ठरवून टाकले आहे. तोवर कड्याचा डावा अर्धा भाग विझवून बसतो, म्हणजे त्या डोळ्याला तिरीप लागत नाही.